वॉर्डनकाकांची वही

१९४२ साली आमच्या चाळीत काँग्रेसवाले किती होते, याचं उत्तर तुम्ही ते कोणत्या साली विचारता यावर अवलंबून असे. खुद्द बेचाळीसमध्ये विचारलं असतंत तर, आजीच्या हिशेबानं, साडेतीन. त्यातलं अर्धं म्हणजे सहा नंबरचे भाऊ. ते खादी घालत, पण फक्त बाहेर जाताना. १९४७ साली हा आकडा पंधरा-वीसवर गेला. आणि १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन जाहीर केलं, तेव्हा सर्वांच्या लक्षात आलं की गिरगावातल्या या तीन मजली इमारतीत बेचाळीस साली इंग्रजांच्या बाजूचा फक्त एकच इसम राहत होता. तो म्हणजे वॉर्डनकाका.

काकांनी हे कधी नाकारलं नाही. गणपतीत चहा पिताना कुणी डिवचलं की ते शांतपणे म्हणत, "मी सरकारचा माणूस होतो."

"कुठल्या सरकारचा?"

"जे होतं त्याचा. नसलेल्या सरकारचा माणूस कसा होता येईल?"

त्यांचं खरं नाव पोस्टमनला आणि रेशनकार्डाला ठाऊक. बाकी सगळ्या चाळीला ते वॉर्डन. महायुद्ध संपून पाव शतक उलटलं, ए. आर. पी. म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचाव करणारं ते खातं केव्हाच बरखास्त झालं, तरी काका त्या पदावरून उतरले नाहीत. ए. आर. पी.चा चाळीनं त्या काळीच लावलेला अर्थ 'आता राहा पडून' असा होता. काकांना तो अजिबात आवडत नसे. विनोद म्हणून नव्हे. त्यांचं म्हणणं, सूचनेप्रमाणे भोंगा झाल्यावर पडून राहायचं ते पालथं, आणि ते या वाक्यात कुठंच येत नाही.

ते वॉर्डन झाले ते देशप्रेमानं नाही आणि राजनिष्ठेनंही नाही. मॅट्रिकला इंग्रजीनं दोनदा दगा दिला होता, वडील मिलमधल्या नोकरीसाठी शब्द टाकून दमले होते, आणि घरात बसलेला बावीस वर्षांचा मुलगा आईच्या डोळ्यांत खुपत होता. अशात ७ डिसेंबर १९४१ला जपान लढाईत उतरला. तेवीस तारखेला रंगूनवर बॉम्ब पडले. तोवर लढाई म्हणजे 'केसरी'त वाचायची गोष्ट होती. रंगून म्हटल्यावर चाळ हादरली, कारण आमच्या कोकणी पोटांत जाणारा तांदूळ रंगूनहून यायचा. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो, विशाखापट्टण, काकिनाडा इथं बॉम्ब पडले. अर्ध्या बिऱ्हाडांनी बायकामुलं गावाला पाठवली. आजी सांगायची, ज्यांना गाव होतं ते गेले, ज्यांना नव्हतं ते धीट झाले.

काका धिटांत मोडले. त्यांना एक पत्र्याची टोपी, एक शिट्टी, दंडाला बांधायची पट्टी आणि निळा कागद लावलेली बॅटरी मिळाली. पट्टी त्यांनी एवढी घट्ट बांधली की हात निळा पडला, असं आजी सांगायची, पण आजीचं सगळं खरं धरायचं नसतं. प्रत्येक मजल्यावर वाळूच्या चार बादल्या ठेवायच्या होत्या. आगलाव्या बॉम्बवर पाणी टाकायचं नाही, वाळू टाकायची, असं शास्त्र. काकांनी गोणपाटातून चौपाटीची वाळू आणली आणि बादल्यांवर तांबड्या रंगात 'आग' असं लिहिलं. आठवड्याच्या आत बादल्या निम्म्या झाल्या. चाळीतल्या बायकांना भांडी घासायला इतकी बारीक, धुतलेली वाळू आयुष्यात फुकट मिळाली नव्हती. काका पुन्हा वाळू आणत, बायका पुन्हा नेत. मुंबईवर जपानी बॉम्ब पडला नाही, पण त्या साली आमच्या चाळीतल्या पितळ्या जितक्या लखलखीत होत्या तितक्या आधी कधी नव्हत्या आणि नंतरही झाल्या नाहीत. युद्धप्रयत्नांचा एवढा ठोस परिणाम मी दुसरीकडे कुठं ऐकलेला नाही.

आणि त्यांना मिळाली ती वही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, कडेनं तांबडी. रात्री दहानंतर कुणाच्या खिडकीतून, झरोक्यातून, मोरीच्या जाळीतून उजेड बाहेर येतो याची नोंद त्यात करायची. इतर चाळींतल्या वॉर्डनांच्या वह्या लढाई संपायच्या आत धोब्याच्या हिशेबाला लागल्या. आमच्या काकांनी ती शेवटच्या पानापर्यंत भरली आणि जपली. मी ती पाहिलेली आहे. अक्षर मोडी वळणाचं, बारीक, एकाही ओळीत खाडाखोड नाही. नमुना असा:

ता. ३-३-४२. रा. १०-१५. खो. १४. मोरीत उजेड. समज दिली. उलट बोलले.

ता. ३-३-४२. रा. १०-४०. खो. १४. पुन्हा तेच. मांजर निमित्त सांगितले. मांजर दिसले नाही.

आता चाळीतली खरी लढाई सांगायला हवी, कारण वहीत ती नाही. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं कुणालाही न विचारता हिंदुस्थान लढाईत आहे असं जाहीर केलं. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबईत बाळासाहेब खेर पायउतार झाले. म्हणजे देश लढाईत होता आणि देशातली माणसं लढाईत आहेत की नाहीत यावर भांडत होती. आमच्या चाळीत हे भांडण गॅलरीत चाले, आणि गॅलरी सामाईक असल्यामुळे कुणालाच त्यातून सुटका नव्हती.

बावीस नंबरमध्ये गिरणी युनियनचे कॉम्रेड होते. त्यांच्या मते ही साम्राज्यवाद्यांची आपापसातली मारामारी होती आणि कामगारांनी तिला एक पैसाही देऊ नये. २२ जून १९४१ला, रविवारी, हिटलरनं रशियावर हल्ला केला. कॉम्रेड त्या दिवशी गॅलरीत आले नाहीत. पुढचे सहा महिने त्यांनी लढाईवर एक वाक्य उच्चारलं नाही. डिसेंबरात पक्षाची भूमिका ठरली आणि ते बाहेर आले ते 'लोकयुद्ध' हे शब्द घेऊनच. साप्ताहिकाचं नावही तेच. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टॅलिनग्राडचा पवाडा रचला तेव्हा कॉम्रेड तो जिन्यात म्हणत, आणि काका त्यांना सुरात व्यत्यय न आणता मोरीचा दिवा मालवायला सांगत. तरी एक गोष्ट नोंदवतो. साठेबाजांविरुद्ध आरडाओरडा करून घासलेटच्या दुकानापुढे रीतसर रांग लावणारे चाळीत कॉम्रेडच होते. नंतर त्यांना 'बेचाळीसचे गद्दार' म्हणणारे त्याच रांगेत उभे राहून घासलेट घेऊन गेले होते.

तळमजल्यावरचे वैद्य हिंदुसभेचे. सैन्यात शिरा, बंदूक हातात घ्यायला शिका, पुढे उपयोगी पडेल, हा सावरकरांचा सांगावा ते येणाऱ्या प्रत्येक रोग्याला काढ्याबरोबर देत. त्यांच्या स्वतःच्या थोरल्याचे तळपाय सपाट निघाले. धाकट्याला दम्याची शंका होती. चाळीतून भरतीच्या कचेरीत एकूण एकही गेला नाही. भरती झाली ती सातारा-कुलाबा-रत्नागिरीच्या गावांतून आणि वरळीच्या बीडीडी चाळींतून. महार रेजिमेंट १९४१च्या ऑक्टोबरात बेळगावला उभी राहिली, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, घाडग्यांनी तो जीव देऊन. साताऱ्यात तर एकाच घरातला एक भाऊ इटलीतून मनिऑर्डर पाठवत होता आणि दुसरा नाना पाटलांच्या पत्री सरकारात होता. आमच्या गॅलरीत मात्र सगळे तत्त्वाचे लोक होते.

माझे आजोबा रॉयवादी. चाळीतले एकमेव. हिटलर जिंकला तर तुमचं स्वातंत्र्य घेऊन काय करायचं, हा त्यांचा प्रश्न आणि त्यात काही तथ्य नव्हतं असं मला आजही म्हणता येत नाही. पण त्यांच्या पक्षाची बैठक आमच्या खोलीत भरली की आजीला फक्त एक कप जास्त करावा लागे. पुढे रॉय यांच्या कामगार संघटनेला सरकारकडून महिना तेरा हजार रुपये मिळतात हे बाहेर आलं, तेव्हा आजोबांना जिन्यात गाठून "तुमच्या वाट्याला त्यातले किती?" असं विचारणाऱ्यांची रांग लागली. आजोबांच्या वाट्याला आला तो हा प्रश्न.

या सगळ्यांत काकांचं मत काय? हा प्रश्न त्यांना विचारणारे फसत. ते म्हणत, "मतं दिव्याखाली बसून मांडायची असतात. दिवा बंद करा." लोक त्यांना मतशून्य समजत. मला तसं वाटत नाही. बाकीच्यांना लढाईबद्दल मत होतं, काकांना लढाईत काम होतं, आणि काम असलेल्या माणसाला मतवाल्यांची फार चीड येते. अशी माणसं प्रत्येक लढाईत, दोन्ही बाजूंना, असतात. तीच ती चालवतात, असंही म्हणायला हरकत नाही.

त्यात वेळेची भानगड. १ सप्टेंबर १९४२पासून सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे केली. ती पुन्हा मागं आली ऑक्टोबर पंचेचाळीसमध्ये. मुंबईत त्याआधीच दोन वेळा होत्या, एक स्टँडर्ड आणि दुसरी तिच्या एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली आपली हट्टी मुंबई टाइम. आता तिसरी आली. चाळीत जो तो आपल्या पक्षाप्रमाणे वेळ पाळू लागला. कॉम्रेड युद्धवेळ. वैद्य मुंबई टाइम, कारण मुहूर्ताला तीच बरी पडते. दहा नंबरच्या आक्कांनी स्वच्छ सांगितलं की ज्या सरकारला 'चले जाव' सांगितलं त्याच्या घड्याळानं आम्ही जेवणार नाही. सत्यनारायणाला बोलावलेले लोक दोन तासांच्या अंतरात विखरून येत आणि पहिले निघायच्या बेतात असताना शेवटचे चपला काढत. काकांच्या वहीत सप्टेंबरनंतरच्या प्रत्येक नोंदीपुढे 'यु. वे.' लिहिलेलं आहे. युद्धवेळ.

आक्कांचा उल्लेख आलाच आहे तर बेचाळीसच्या ऑगस्टकडे जाऊ. गवालिया टँक आमच्या चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. ८ ऑगस्टच्या रात्री गांधीजींचं भाषण ऐकायला चाळीतून कोण कोण गेलं, याच्या पुढे इतक्या कहाण्या झाल्या की त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर त्या रात्री चाळीत फक्त मांजर होतं. नक्की गेल्या त्या आक्का. त्या तेव्हा तिशीतल्या, बालविधवा, मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढारी पकडले गेले होते, मैदानावर अरुणा असफ अलींनी झेंडा फडकावला आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आक्का डोळे लाल करून परत आल्या. काकांनी जिन्यात त्यांना अडवलं आणि अश्रुधुरासाठी ओला रुमाल कसा धरायचा हे पत्रकातून वाचून दाखवलं. आक्कांनी त्यांना 'सरकारचा टोपीवाला' म्हटलं, आणि पुढची तीस वर्षं हीच त्यांची एकमेकांशी बोलायची भाषा राहिली.

त्यानंतरच्या महिन्यांत रेडिओ हा चाळीतला सगळ्यात धोकादायक माणूस होता. बर्लिनहून सुभाषबाबूंचा आवाज, मुंबईतल्या मुंबईत जागा बदलत उषा मेहता आणि त्यांचे सोबती चालवत तो काँग्रेस रेडिओ, आणि सरकारी बातम्या, तिन्ही एकाच सहा नंबरच्या डब्यातून. सगळ्या चाळीनं कान लावायचा आणि बाहेर काही ऐकू जाऊ द्यायचं नाही. काकाही येत. दाराबाहेर उभे राहत. आवाजाबद्दल त्यांच्याकडे कोणताही हुकूम नव्हता, त्यांचं खातं उजेडाचं. डायलच्या मागचा दिवा तेवढा फडक्यानं झाकलेला आहे ना, याची खात्री करून ते शेवटपर्यंत ऐकत.

मे १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि काकांना नशिबानं हात दिला. कार्डं लिहायला माणसं हवी होती, खोलीवार कोण राहतं हे ठाऊक असलेली. काकांइतकं ते ठाऊक असलेला माणूस पोलिसांतही नव्हता. कोण किती वाजता झोपतो हेसुद्धा त्यांच्याकडे लिखित स्वरूपात होतं. ते कारकून म्हणून चिकटले. "मला हिटलरनं चिकटवलं," असं ते पुढे सांगत, आणि ऐकणारा दचकला की समजूत घालत, "म्हणजे शिफारस नव्हती केली त्यानं." चाळीला हे आवडलं नाही, पण चाळीतल्या निम्म्या तरण्यांना पुढच्या दोन वर्षांत सप्लाय, ऑर्डनन्स, लष्करी हिशेब अशा कुठल्या ना कुठल्या खात्यात लढाईनंच नोकरी दिली. त्यांच्या आया मुलीच्या बापाला 'सरकारी आहे' एवढंच सांगत. कुठल्या कामासाठी सरकार नोकऱ्या वाटतंय, याची चौकशी कुणी केली नाही. कणीदार तांदूळ, तांबडी ज्वारी, मधे भोक पाडलेला नवा पैसा आणि सुट्ट्यांची टंचाई, या सगळ्याला लोक काकांना जबाबदार धरत. तांदळात खडे निघाले की बायका ते एका वाटीत साठवून काकांच्या दारात नेऊन ठेवत. काका ते खडे बादलीतल्या वाळूत टाकत.

१४ एप्रिल १९४४चा शुक्रवार. दुपारी चारच्या सुमाराला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, वर कापसाच्या गासड्या, शिवाय सोन्याच्या विटा. अर्ध्या तासानं दुसरा स्फोट. आमच्या गॅलरीचा कठडा हलला, काचा खाली आल्या, आणि जपानी आले अशी एकच आवई उठली. काका सुट्टीवर होते म्हणून घरी होते. दोन वर्षं वाट पाहिलेला क्षण आला होता आणि तो भर दुपारी आला होता. त्यांनी टोपी घातली, शिट्टी फुंकली आणि जिन्यातून ओरडत गेले, "दिवे बंद करा! दिवे बंद करा!" एप्रिलच्या उन्हात. चाळ आजही यावर हसते, मीही हसतो.

एवढं झाल्यावर ते इतर वॉर्डनांबरोबर गोदीच्या दिशेनं निघून गेले. परतले दुसऱ्या दिवशी दुपारी, पट्टी नव्हती, सदरा कुणाचा तरी दुसऱ्याचाच. शेकडो माणसं मेली होती. छापायला मनाई असल्यामुळे इथल्या वर्तमानपत्रांत बराच काळ धड बातमी नव्हती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओनं मात्र दुसऱ्याच दिवशी ती सांगितली. सोन्याच्या विटा कुणाच्या छपरातून पडल्या याच्या गोष्टी काका रंगवून सांगत. स्वतः तिथं काय पाहिलं, काय उचललं, ते कधी सांगितलं नाही. त्या तारखेला वहीत फक्त 'हजर' एवढाच शब्द आहे.

लढाई संपली. कॉम्रेड जेलमध्ये गेले, आले. वैद्य दवाखाना मुलाला देऊन गावी गेले. काका रेशनिंगमध्ये कायम झाले, कारण लढाई गेली तरी टंचाईनं काही राजीनामा दिला नव्हता. टोपी काकूंनी माळ्यावर टाकली आणि तिच्यात सांडगे ठेवले.

मी काकांना वॉर्डन म्हणून प्रत्यक्ष पाहिलं ते डिसेंबर १९७१मध्ये. बांगलादेशची लढाई सुरू झाली, मुंबईत ब्लॅकआउट लागू झाला, मोटारींचे दिवे अर्धे काळे झाले आणि तिसऱ्या रात्री भोंगा वाजला. आम्ही पोरं आनंदानं वेडी झालो होतो. तेवढ्यात गॅलरीच्या टोकाला एक टोपी उगवली. तिला सांडग्यांचा हिंगट वास येत होता. खाली बावन्न वर्षांचे काका, हातात बॅटरी, काखेत नवी कोरी वही. नागरी संरक्षण दलानं आमच्या गल्लीसाठी एक तरणाबांड मुलगा नेमला होता. काकांनी त्याला जिन्यातच थांबवलं आणि म्हणाले, "ही चाळ झालेली आहे."

या लढाईबद्दल चाळीत दोन मतं नव्हती, आणि त्यामुळे काका जरा उदास असत. कुणी उलट बोलेना. काकांनी "उजेड" म्हटलं की लोक चक्क दिवा मालवत आणि वर "जय जवान" म्हणत. वहीची चार पानंसुद्धा भरली नाहीत.

पुढच्या वर्षी ते पेन्शन आलं. किमान सहा महिने तुरुंगवास किंवा तेवढाच काळ भूमिगत, असा नियम, सोबत दाखले. तुरुंगाचे दाखले मिळवणं कठीण. पण भूमिगत असल्याचं निदान तोंडानं तरी कुणालाही सांगता येत होतं. कारण भूमिगत माणसाला कुणी पाहिलेलं नसतं, हीच तर त्याची खूण. चाळीत त्या पावसाळ्यात भूमिगतांचं पीक आलं. चौदा नंबरचे मास्तर अर्ज भरून, समोरच्या चाळीतल्या दोघांच्या सह्या घेऊन, तिसऱ्या सहीसाठी काकांकडे आले. सरकारी नोकराची सही वजनदार असते.

काकांनी चष्मा लावला. "सप्टेंबर बेचाळीस ते एप्रिल त्रेचाळीस भूमिगत?"

"हो. सातारा भागात."

काकांनी ट्रंक ओढली. जुनी वही काढली. पानं उलटली. "अकरा ऑक्टोबर. रात्री दहा-वीस, युद्धवेळ. खोली चौदा. स्वयंपाकघरात उजेड, साबुदाणा वडे तळणे चालू. समज दिली. मास्तर म्हणाले, उपास आहे." पान उलटलं. "चोवीस नोव्हेंबर. खोली चौदा. मास्तर दाढी करीत. मध्यरात्री. कारण विचारता, सकाळी गर्दी असते." पान उलटलं.

"अहो, मधून मधून यायचो मी!"

"मास्तर, नव्वद नोंदी आहेत. साताऱ्याला गेलात कधी?"

मास्तरांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. आणखी चार अर्ज काकांच्या दारापर्यंत न येताच मागं फिरले. चाळीत खळबळ माजली. तीस वर्षांपूर्वीचा एक इंग्रजांचा हस्तक आजच्या देशभक्तांच्या पोटावर पाय देतो आहे, असा ठराव गच्चीवर जवळजवळ पास झाला होता. काकांचा कुणावर राग होता असं नाही. खोटं बोलणाऱ्यांना शिक्षा व्हावी असंही त्यांना वाटत नव्हतं. नोंद आहे एवढंच ते म्हणत.

आक्का मात्र अर्ज करायला तयार नव्हत्या. त्या खरोखर येरवड्याला होत्या, चांगल्या वर्षभर. भाच्यानं त्यांच्यामागं लकडा लावला, कारण शिवणाच्या शिकवण्या आता डोळ्यांना झेपत नव्हत्या. पण तुरुंगाचा दाखला काही मिळेना. एका कचेरीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं पहिलीकडे. शेवटी भाच्याला कुणीतरी सुचवलं, अटकेची कुठं दुसरी लेखी नोंद असेल तर जोडून पाहा. सबंध चाळीत लेखी नोंद एकाच माणसाकडे होती. भाचा आक्कांना हात धरून काकांच्या खोलीत घेऊन आला. आम्ही पोरं दारात.

काकांनी पान काढलं आणि वाचलं. "सतरा ऑक्टोबर बेचाळीस. पहाटे तीन-पन्नास, युद्धवेळ."

"दोन-पन्नास," आक्का म्हणाल्या. "तुझी ती वेळ आम्ही मानली नव्हती."

"खोली दहा. पोलीस आले. खोलीधारकास नेले."

भाच्याचा चेहरा खुलला. "बघ, आक्का! हेच हवं होतं."

"दिवा चालू," काका पुढे वाचत होते, "खिडकी उघडी. लेखी समज."

खोलीत शांतता झाली. आक्कांनी डोळे बारीक केले. "लेखी समज कुणाला?"

"खोलीधारकाला."

"अरे, खोलीधारकाला पोलीस घेऊन चालले होते!"

"म्हणून दारावर चिकटवली."

"दिवा मी लावला नव्हता. जमादारानं लावला. त्याला अंधारात पत्रकं सापडेनात."

"दिवा लावला कुणी, हे नियमात येत नाही. खोली कुणाच्या नावावर, हे येतं."

"मग जमादाराला का नाही दिलीस समज?"

"तो आपल्या चाळीत राहत नव्हता."

भाचा मधे पडला, अहो काका, हे पानच प्रमाणित करून द्या, आम्हाला बस आहे. आक्का म्हणाल्या, अर्ज गेला खड्ड्यात, आधी ते खोड. माझ्यावर राजद्रोहाचा ठपका होता तो मला मान्य आहे, दिव्याचा नाही. काका म्हणाले, सरकारी वही आहे, खोडता येत नाही. आक्का म्हणाल्या, ते सरकार गेलं. काका म्हणाले, वही आहे. हे तीन दिवस चाललं. कॉम्रेडांना मध्यस्थ नेमण्यात आलं. त्यांनी वस्तुस्थितीचं विश्लेषण करायला घेतलं तसं दोघांनी मिळून त्यांना घालवलं.

चौथ्या दिवशी काकांनी स्वतःच प्रश्न काढला. "दिव्याचं असो. खिडकी कुणी उघडली?"

आक्का थोडं थांबल्या. "मी."

"का?"

"पत्रकं टाकायला. गठ्ठाच्या गठ्ठा खाली टाकला मागच्या बोळात. जमादार शोधत बसला आत." मग त्यांना काही सुचलं. "तू तेव्हा खालीच उभा असणार. खिडकी उघडी दिसली तुला ती काय वरून?"

"खालून दिसली."

"आणि पत्रकं?"

"गोळा केली. बोळात कचरा टाकायला मनाई होती."

"पोलिसांना दिलीस?"

"त्यांनी मागितली नाहीत." काकांनी चष्मा पुसला. "त्या दिवसांत काळा कागद मिळत नव्हता, कुठलाच मिळत नव्हता. चार-चार थर करून डिंकानं लावली. माझ्या खिडकीला, आणि जिन्यातल्या झरोक्याला. सबंध पावसाळा टिकली."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. "छापलेली बाजू आत की बाहेर?"

"नियमात बाजूबद्दल काही नव्हतं," काका म्हणाले. त्यांनी टाक काढला, वही पुढे ओढली आणि सतरा ऑक्टोबरच्या नोंदीजवळ समासात, त्याच मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलं, ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं:

'दुरुस्ती. दिवा पोलिसांचा. त्याबद्दलची समज मागे घेतली. खिडकी खोलीधारकाची. समज कायम.'